चकल्यांचा वेढा

न्युरेम्बर्गातल्या आमच्या काकांना लेख लिहायचा नसतो, सुचवायचा असतो. जून उजाडला की दिवाळी अंकांच्या संपादकांना त्यांची पत्रं सुटू लागतात. लेख दीड हजार शब्दांचा, प्रस्ताव अकरा पानी. वर हातानं काढलेले चार नकाशे.

विषय दरसाल तोच, १६३२चा न्युरेम्बर्गचा वेढा. स्वीडनचा राजा गुस्ताव्ह अडॉल्फ शहराच्या आश्रयाला, आणि सम्राटाचा सेनापती वालेनस्टाइन झिर्नडोर्फला सोळा किलोमीटर घेराची छावणी ठोकून बसलेला. "म्हणे मराठी वाचकाला काय त्याचं! अहो, तेव्हा शिवबा अडीच वर्षांचे. तिकडे दख्खन दुष्काळानं पोळलेलं, इकडे हे उपाशी. कुणी जोडलंय का हे?"

कुणी जोडलेलं नसतं. मग काका टेबलावरच जोडून दाखवतात. लेबकूखन बिस्किटांचा पत्र्याचा डबा म्हणजे शहर, उपडी वाटी म्हणजे आल्टे फेस्टेची टेकडी, भोवती काकूंच्या चकल्यांची छावणी. सैन्य शेंगदाण्यांचं. इथले कथिलाचे चपटे सैनिक जगभर गेले, तीस मिलिमीटरचं माप इथल्याच हाइनरिक्सेननं रूढ केलं, काकांच्या कपाटातही ते आहेत. पण त्यांना लढाईला काढत नाहीत. रंग उडतो.

३ सप्टेंबरला राजा टेकडीवर चालून जातो. तोफा वर चढेनात, दुसऱ्या दिवशी माघार. "लढाईपेक्षा भुकेनं आणि रोगराईनं माणसं जास्त मेली," काका सांगतात, तोवर आमच्या धाकट्यानं छावणीची पश्चिम बाजू फस्त केलेली असते.

गेल्या वर्षी मात्र आक्रीत घडलं. एका संपादकांनी चक्क होकार कळवला: पंधरा ऑगस्टपर्यंत पाठवा. काकांचा चेहरा साफ उतरला. मग एक संदर्भ तपासायचा राहिला. मग फ्यूर्टला गाडी बदलून झिर्नडोर्फच्या तीन वाऱ्या झाल्या. चढ किती ते छत्री टेकवत मोजून झालं. गणपती बसले तरी मजकूर पहिल्या वाक्यापाशीच. संपादकांचा फोन काकूंनी घेतला. "टेकडीवर गेलेत," म्हणाल्या. हे खोटं नव्हतं.

"वालेनस्टाइन हरला नाही," परवा काका मला समजावत होते, "कारण तो छावणीतून बाहेर पडलाच नाही."

काकूंनी काही न बोलता उरलेली छावणी डब्यात भरली.

यंदाचा प्रस्ताव चौदा पानी आहे.