प्रामाणिक खरेदीदार आणि त्याचे पेढे

महाराष्ट्रात एकच जमीन दोघांना विकणे बेकायदा असले, तरी अवघड नाही. अशा वेळी कायद्याला एक सज्जन आठवतो: पूर्ण पैसे मोजलेला, मनात खोट नसलेला, आधीच्या हक्काची खबर नसलेला खरेदीदार. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ४१ त्याला आसरा देते. मात्र खऱ्या मालकाच्या संमतीने दुसराच मालक म्हणून मिरवत असेल आणि खरेदीदाराने वाजवी चौकशी केली असेल तरच.

चौकशी म्हणजे सातबारा पाहणे, असे मानणारे भाबडे जीव अजून आहेत. सातबारा हा मालकीचा दाखला नव्हे. त्यावरची नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरायची, एवढेच जमीन महसूल संहिता सांगते. फेरफार काढावेत, ‘इतर हक्क’ रकान्यात डोकावावे, बांधावर जाऊन कोण कसतो तेही विचारावे. नोंदलेला दस्त आणि प्रत्यक्ष ताबा खरेदीदाराला ठाऊकच होता, असे कायदा धरून चालतो.

खरी गंमत नोंदणी अधिनियमाच्या कलम ४७ मध्ये आहे. नोंदलेला दस्त सह्या झाल्या त्या दिवसापासून लागू होतो, आणि नोंदणीस सादर करायला चार महिन्यांची मुभा असते. त्यामुळे एप्रिलमध्ये कोरा शोध-अहवाल घेऊन, मुद्रांक भरून पेढे वाटणाऱ्यासमोर कोणी मार्चचे खरेदीखत मे महिन्यात नोंदवून उभा राहू शकतो, आणि सरशी त्याचीच होते. मार्चमध्ये नुसते साठेखत झाले असते, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम १९ ने पेढेवाल्याला वाचवले असते. आता त्याच्या हाती उरते विकणाऱ्यावरची फिर्याद. विकणारा सापडला तर.