मीटर चालू आहे

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात मी हीलर आहे. म्हणजे टँक पुढे उभा राहून बॉस राक्षसाचा मार खातो, बाकीची मंडळी त्या राक्षसाशी लढतात आणि मी मागे उभा राहून त्यांच्या जखमा भरतो. ही नेमणूक भाच्याची. तो आमचा रेड लीडर, म्हणजे सामूहिक स्वारीचा म्होरक्या. सर्व्हर युरोपात असल्यामुळे तिकडची रात्री आठची रेड आपल्याकडे मध्यरात्रीच्या आसपास सुरू होते, आणि माझी अब्रू निदान घरातले झोपलेले असताना जाते.

ती घालवतो तो मीटर. कोणी कोणाला किती मारलं, किती बरं केलं, याची नोंद खेळात सतत होत असते. रिकाऊंट, स्काडा, डीटेल्स असली वरून बसवायची ॲडऑन पडद्याच्या कोपऱ्यात तिच्या रंगीत पट्ट्या काढतात. ज्याची पट्टी लांब तो वर. एक बटण दाबलं की अख्खी यादी सगळ्यांच्या चॅटमध्ये जाऊन पडते. हे बटण भाच्याला अंधारातही सापडतं. "मामा, तू टँकच्याही खाली आहेस," असं तो सगळ्यांदेखत सांगतो. हीच गोष्ट दिवाळीच्या फराळाला सांगायची त्याची छाती नाही.

हीलरचं गणितच उलटं. सगळे नीट खेळले तर कोणाला जखम होत नाही, आणि जखम नाही तर माझी पट्टी नाही. त्यामुळे कोणी आगीतून चपळाईनं बाहेर उडी मारली की मला किंचित वाईट वाटतं. वर ओव्हरहीलिंग नावाचा रकाना असतो. धडधाकट माणसाला बरं केलंत, तर वाया गेलेलं पुण्य टक्क्यांत मोजून दाखवतात. पोट भरलेल्या पाहुण्याच्या पानात जिलबी वाढणाऱ्या यजमानाचं आपल्याकडे कौतुक होतं. इथे त्याचा हिशोब निघतो.

आमचा डोंबिवलीचा जादूगार पायाखाली आग लागली तरी हलत नाही. हललं की मंत्र तुटतो, मंत्र तुटला की पट्टी आखडते. तो जळत उभा, मी त्याला जगवतोय. त्याचा आकडा वर, माझाही वर. तेवढ्यात तिकडे बॉसनं टँकला आडवं केलेलं असतं. वाइप झाल्यावर, म्हणजे सगळेच मेल्यावर, भाचा यादी टाकतो: मारण्यात जादूगार पहिला, बरं करण्यात मामा पहिला. इतकी गुणवान माणसं एकाच जागी मेलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

माझ्या मते त्यातल्या त्यात शहाणा तो थ्रेटचा मीटर. बॉस ज्याच्यावर सर्वांत चिडेल त्याच्या अंगावर जातो, म्हणून ही चीड टँकनं ओढून घ्यायची. जवळून लढणाऱ्यानं टँकच्या ११० टक्के चीड ओढवली, किंवा लांबून लढणाऱ्यानं १३० टक्के, की बॉस वळलाच. २००८ पर्यंत खेळ हा हिशोब स्वतःहून सांगत नसे. प्रत्येकाचं ॲडऑन आपापली चीड अंदाजानं मोजून इतरांना कळवायचं. एखाद्यानं आळस करून ते बसवलंच नाही, तर तो यादीत कोणाला दिसायचा नाही; बॉसला मात्र बरोबर दिसायचा. या पट्टीवर पहिला येणारा मरतो, म्हणून सगळे अदबीनं मागे राहतात. डोंबिवलीकर तिथेही पहिला येतो.

शेवटी वैतागून मी फायनल फँटसी फोर्टीन या दुसऱ्या खेळात गेलो. तिथे बाहेरची साधनं वापरायला नियमानंच बंदी आहे. चॅटमध्ये कोणी दुसऱ्याचा आकडा काढला, तर काढणाराच गोत्यात येतो. आम्ही आठ अनोळखी माणसं एका बॉससमोर सपाटून हरलो, एकमेकांना "छान खेळलात" म्हणालो आणि आपापल्या वाटेनं गेलो. काय ते सभ्य वातावरण! भाच्याला फोन करून मुद्दाम ऐकवलं, "तिथे कोणी कोणाला मोजत नाही."

"मोजतात रे मामा, नुसतं बोलत नाहीत," तो म्हणाला. "तुमच्यात ती मांजराच्या कानांची तिरंदाज होती ना? ती मीच. तुझा आकडा सांगू?"