जुनं चालतंय न्हवं?

गारगोटीच्या एसटी स्टँडवर कुणी विचारलं, "काय करतोस रं सध्या?" तर तो म्हणतो, "पुण्याच्या कंपनीत हाय, घरातनंच." पुढचं सांगून उपयोग नसतो. प्रोग्राम लिहितात दुसरेच. तो विंडोज, लिनक्स आणि मॅक, तिन्हीकडं बिल्ड होतोय का, हे बघणं याचं काम. असा एक बिल्डवाला बहुतेक कंपन्यांत सापडतो, आणि बिल्ड फुटेपर्यंत त्याची आठवण कुणाला येत नाही. आमचा हा नमुना मौनी विद्यापीठाच्या आवारात शिकला आणि तेव्हापासूनच संशयी आहे.

संशयाला कारणही आहे. आजचा प्रोग्राम म्हणजे बरीचशी उसनवारी, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडची, म्हणजे लायब्रऱ्यांची. पीएनजी चित्र उघडायला लिबपीएनजी घ्यावी, तर ती झेडलिब मागते. नेटवरून काही आणायला कर्ल घ्यावी, तर ती ओपनएसएसएल मागते आणि वर पुन्हा झेडलिब, तीही वेगळ्या आवृत्तीची. "जत्रंला एक पाव्हणा बोलवावा, तर जीपभर उतरत्यात," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्यामुळं प्रत्येक लायब्ररीची आवृत्ती तो फाइलीत लिहून टाकतो, आणि ती फाइल सातबाऱ्यासारखी जपतो.

पुण्यातली नवी पोरं त्याला वचकून असतात. एकानं फाइलीचं नाव कोडमध्ये कॅपिटल अक्षरानं लिहिलं; विंडोजवर चाललं, मॅकवर चाललं, लिनक्सवर मेलं. हा फोनवर शांतपणे म्हणाला, "बाळा, लिनक्सला थोरलं-धाकटं कळतंय."

लिनक्सवर त्याचं खरं प्रेम, तेही जुन्यावर. नव्या लिनक्सवर बांधलेला प्रोग्राम जुन्यावर टाकला, तर बऱ्याचदा 'जीलिबसी या लायब्ररीची अमुक आवृत्ती मिळाली नाही' म्हणून बसकण मारतो. उलट जुन्यावर बांधलेला नव्यावर सहसा चालतो. म्हणून बिल्डसाठी सगळ्यांत जुनी चालणारी यंत्रणा धरून ठेवायची, हा त्या धंद्यातला शहाणपणा आहे. यानं तो घरालाही लावला. वहिनींनी मिक्सर बदलू या म्हटलं, की हा विचारतो, "जुनं चालतंय न्हवं?" मोबाइलवर अपडेटची सूचना आली, की विंचू दिसल्यासारखा फोन लांब धरतो.

2024 च्या मार्चअखेरीस त्याला आभाळ ठेंगणं झालं. एक्सझेड नावाच्या लायब्ररीच्या 5.6.0 आणि 5.6.1 या ताज्या आवृत्त्यांत कुणीतरी चोरवाट पेरलेली निघाली. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, असा प्रश्न पडला, म्हणून ती सापडली. याच्याकडं होती 5.2. त्या आठवड्यात बाजारात भाजीवालीलासुद्धा त्यानं हे ऐकवलं. तिनं कोथिंबिरीची जुडी पुढं करून सांगितलं, "ही मात्र ताजीच हाय."

2021 चा डिसेंबर मात्र तो कधी काढत नाही. लॉगफॉरजे या जावाच्या लायब्ररीत भयंकर भोक सापडलं, आणि जुनीला चिकटून बसण्याची सोयच उरली नाही. 2.15 घेतली, तर काही दिवसांत 2.16 आली, मग 2.17, आणि महिना संपायच्या आत 2.17.1. वर्षानुवर्षं हात न लावणाऱ्या माणसाला एका महिन्यात चार अपडेट करावे लागले, तेही ऐन ऊसतोडीत. बिद्रीच्या कारखान्याला ऊस घालून आलेले वडील रात्री दारात थांबले आणि म्हणाले, "आमचा ऊस एकदा तुटला की तुटला. तुझं रोज काय तुटतंय?"

लहानसहान गोष्टींसाठी तर तो कुणाची लायब्ररी घेतच नाही. त्याला कारण 2016. लेफ्टपॅड नावाचं अकरा ओळींचं कोड लेखकानं रागानं मागं घेतलं, आणि जगभरची बिल्डं धडाधड पडली. "अकरा वळी! तेवढ्या तर माझी आईबी लिहील," असं म्हणून त्यानं तारखा मांडायचं एक छोटंसं कोड स्वतःच लिहिलं. कुणावर अवलंबून नाही, तिन्हीकडं चालतं. शेजारच्या टीमनं ते बघितलं आणि उचललं. मग तिच्याकडून दुसऱ्या टीमनं.

आता सकाळी पुण्याहून फोन येतात. लीप वर्षात एक दिवस चुकतोय, सर. नवी आवृत्ती कधी काढताय? हा चहाचा कप खाली ठेवतो.

"जुनी चालतीया न्हवं?"