मिंधा कोणाचा?

आमच्या वाडीतल्या क्रिकेटमध्ये अंपायर बॅटिंग करणाऱ्या संघाचाच असायचा. त्यामुळे बॅट्समन सहसा बाद होत नसे. पुढचा नंबर खुद्द अंपायरचा असेल, तर मात्र बोट चेंडूच्या आधी वर जाई. भांडणं इतकी व्हायची की शेवटी आम्ही एलबीडब्ल्यूच रद्द केला. अंपायर बदलण्यापेक्षा नियम बदलणं सोपं होतं.

अमेरिकेतल्या राज्यांनी असा पळपुटेपणा केला नाही. त्यांनी अंपायरलाच निवडणुकीला उभं केलं.

तिथे प्रत्येक राज्याला स्वतःचं सर्वोच्च न्यायालय असतं. (न्यूयॉर्कमध्ये ‘सुप्रीम कोर्ट’ हे खालच्या कोर्टाचं नाव आहे आणि सगळ्यात वरच्याला ‘कोर्ट ऑफ अपील्स’ म्हणतात, तेव्हा विचारपूस करूनच जिना चढावा.) पन्नासपैकी 38 राज्यांत या न्यायमूर्तींना कधी ना कधी मतदारराजापुढे हात जोडावे लागतात. अडचण एवढीच, की अमुक खटल्यात तमुक निकाल देईन असं वचन उमेदवाराला देता येत नाही. ‘कायदा वाचीन आणि मग बघीन’ एवढाच जाहीरनामा. त्यावर कोण टाळ्या वाजवणार? म्हणून टाळ्यांची सोय इतर लोक करतात.

विस्कॉन्सिनचंच घ्या. सात न्यायमूर्ती, दहा वर्षांची मुदत आणि निवडणूक कागदोपत्री पक्षविरहित. म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखी. चिन्ह कुठल्याच पक्षाचं नसतं, पण निकालाच्या रात्री सगळे पक्ष आपापले सरपंच मोजत बसतात. एप्रिल 2025 मध्ये तिथल्या एका खुर्चीसाठी सुमारे दहा कोटी डॉलर खर्च झाले. उमेदवार ब्रॅड शिमेल यांच्यासाठी अब्जाधीश इलॉन मस्क यांनी स्वतः आणि आपल्या संस्थांमार्फत दोन कोटींहून जास्त डॉलर ओतले. त्यांच्या टेस्ला कंपनीचा त्याच राज्यातल्या गाडीविक्रीच्या कायद्याविरुद्ध दावा चालू होता, हा योगायोग. ते ग्रीन बेला आले, चीजच्या आकाराची टोपी घातली आणि दोघा मतदारांना प्रत्येकी दहा लाख डॉलरचे चेक मंचावर दिले. एका अर्जावर सही करणाऱ्यांना प्रत्येकी 100 डॉलर वेगळेच. हे पैसे मतासाठी नव्हते हं! मतासाठी दिले असते तर गुन्हा झाला असता. आपल्याकडचे कार्यकर्ते अजून रात्री दिवे घालवून पाकिटं वाटतात, यावरून आपण किती मागे आहोत ते कळतं.

शिमेल यांच्या प्रतिस्पर्धी सुझन क्रॉफर्ड यांच्या मागे सोरोस आणि प्रिट्झकर हे अब्जाधीश होते, त्यामुळे गरिबांची बाजू कोणती हे शेवटपर्यंत समजलं नाही. क्रॉफर्ड दहाएक टक्क्यांनी जिंकल्या. एकाचं पाकीट आणि दुसऱ्याला मत, ही कला फक्त आपल्याच मातीतली असा माझा गैरसमज होता.

पण निवडून आल्यावर खाल्ल्या मिठाला जागायचं की राज्यघटनेला? हा पेच वेस्ट व्हर्जिनियात पडला. मॅसी या कोळसा कंपनीला ज्यूरीने 5 कोटी डॉलरचा दणका दिला होता. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार हे दिसत होतं. कंपनीचे प्रमुख डॉन ब्लँकनशिप यांनी त्याच न्यायालयाच्या 2004 च्या निवडणुकीत ब्रेंट बेंजामिन निवडून यावेत म्हणून सुमारे 30 लाख डॉलर घातले. त्यातले बरेचसे ज्या गटाला गेले, त्याच्या नावाचा अर्थ होतो ‘आणि मुलांच्या भल्यासाठी’. कोळशाचं मन इतकं हळवं असतं. बेंजामिन निवडून आले, बाजूला व्हायला नाही म्हणाले, आणि तीन विरुद्ध दोन मतांनी कंपनी सुटली. 2009 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी बजावलं, की बेंजामिन यांनी या खटल्यात बसायलाच नको होतं. खटला परत आला. या वेळी बेंजामिन बाहेर, आणि कंपनी पुन्हा जिंकली. म्हणजे 30 लाख डॉलर बहुधा पाण्यात गेले! एखादा निकाल सरळ असला, तरी निकाल देणारा मिंधा दिसला की लोक निकालाकडे बघतच नाहीत, त्याच्या खिशाकडे बघतात.

मिझुरीने 1940 मध्ये मधला मार्ग काढला. समितीने तीन नावं द्यायची, राज्यपालाने एक निवडायचं आणि पुढे लोकांनी फक्त ‘राहू दे’ किंवा ‘जाऊ दे’ म्हणायचं. समोर प्रतिस्पर्धी नाही, म्हणजे भांडण नाही. आयोवानेही हीच पद्धत घेतली. तिथल्या न्यायालयाने 2009 मध्ये समलिंगी विवाहाला एकमताने मान्यता दिली, आणि 2010 मध्ये मतदानाला सामोऱ्या गेलेल्या तिन्ही न्यायमूर्तींना लोकांनी घरी पाठवलं. पैसेवाल्याचे मिंधे नसाल तर गर्दीचे व्हा, असा त्याचा अर्थ.

आपण हसू नये. आपल्याकडे न्यायमूर्तीच न्यायमूर्तींची नावं सुचवतात. ही पद्धत बदलायला संसदेने आयोग आणला, आणि तो घटनाबाह्य आहे की नाही हेही 2015 मध्ये न्यायमूर्तींनीच ठरवलं. काय ठरवलं असेल, ते वाडीतल्या कुठल्याही पोराने सांगितलं असतं.

अमेरिकेतल्याच ऱ्होड आयलंड राज्यात मात्र न्यायमूर्ती एकदा नेमला की तहहयात. त्याला नेमणाऱ्याचे आभार एकदाच मानावे लागतात; पुन्हा कुणाच्या दारात जायचं नसतं. यावरून आमचे पोस्टमनकाका आठवले. एलबीडब्ल्यू रद्द व्हायच्या आधी एका दुपारी आम्ही त्यांनाच अंपायर केलं. त्यांचा कुठल्याच संघात नंबर नव्हता. पहिल्याच चेंडूवर त्यांनी बंड्याला पायचीत दिलं, पत्रं टाकली आणि सायकलवर बसून निघून गेले.

चेंडू यष्टीवर जात होता की नाही, यावर त्या दिवशी कुणीही भांडलं नाही. बंड्या फक्त आपली बॅट घेऊन घरी गेला. ती वाडीतली एकुलती एक बॅट होती. दुसऱ्या दिवसापासून अंपायर पुन्हा बंड्याच्याच संघाचा.