दत्तक घ्यायचंय, गाव दाखवा

विद्यापीठांना सध्या समाजाचा भारी उमाळा आलाय. नव्या शैक्षणिक धोरणाने समाजसेवेलाही क्रेडिट लावले, तेव्हापासून तर तो सेमिस्टरच्या वेळापत्रकाप्रमाणे येतो. आधीची एनएसएस बरी होती. 1969 पासून चालू: वर्षाला 120 तास, सात दिवसांचं शिबिर आणि वर दहा गुण. मुलं खड्डे खणून झाडं लावायची, पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत पुन्हा लावायची.

आता समजा, एखाद्या कॉलेजने भिवंडीजवळचं वळ गाव दत्तक घेतलं. घेणार काय? भातखाचरांवर भराव पडून गोदामांचे गाळे कधीच उभे राहिले. मुंबईकराने रात्री अंथरुणात पडून मागवलेला मिक्सर याच पट्ट्यातल्या कुठल्यातरी रॅकवरून निघतो. कंटेनर मागे घेताना क्लीनर खाली उतरून पत्र्यावर थापा मारत ‘आने दो, आने दो’ ओरडतोय, आणि बाजूला स्वच्छतेवर पथनाट्य चाललंय. प्रेक्षक कोण, तर पाळी संपवून चहाला निघालेला हमाल. त्यालाच पुढे बोलावतात, कारण फोटोत ‘लाभार्थी’ लागतो. फोटोही जिओटॅगवाला. अक्षांश-रेखांशाशिवाय केलेली सेवा कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत बसत नाही. बॅनर वाकडा आला, तर सेवा पुन्हा करायची.

सर्वधर्म संवादाचंही तेच. 20 ऑगस्टला सद्भावनेची शपथ घ्यायची. मंचावर एक महाराज, एक मौलाना, एक फादर. तिघांना शाल-श्रीफळ, तिघांना पाच-पाच मिनिटं. आणि हे सांगायचं कुणाला, तर भिवंडीला! 1970 आणि 1984च्या दंगलींत हे शहर होरपळलं. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या. हिंदू-मुसलमानांना बीटवरच्या पोलिसासकट समोरासमोर बसवलं. डिसेंबर 1992मध्ये मुंबई पेटली, भिवंडी पेटली नाही. ना सामंजस्य करार, ना कुलगुरूंचं बीजभाषण. त्या कमिट्यांवर एखादा पेपर लावा की! पण त्यासाठी मोहल्ल्यात जाऊन बसावं लागेल, आणि तिथे एसी नाही.

गुणवत्तेबद्दल मात्र बोलायची सोय नाही. मुंबई विद्यापीठाने 2017मध्ये उत्तरपत्रिकांच्या ऑनस्क्रीन तपासणीत निकालांचा असा घोळ घातला की कुलगुरूंना घरी जावं लागलं. चार वर्षांनी, 2021मध्ये, त्याच विद्यापीठाला नॅककडून ए प्लस प्लस, 3.65 गुण. निकाल रखडवणाऱ्याचाच निकाल इतका झकास लागतो म्हटल्यावर एटीकेटीवाल्यांनी निराश होण्याचं कारण नाही.

खरंच समाजकार्य करायचंय? 29 एप्रिल 2023ला याच गोदामपट्ट्यात, वळपाड्याला, इमारत कोसळली. खाली गोदाम, वर बिऱ्हाडं. आठ माणसं गेली. सिव्हिलच्या मुलांना दोन क्रेडिट द्या आणि प्राध्यापकांसोबत गाळे तपासायला पाठवा. कुठला खांब तडकलाय, कुठल्या स्लॅबची सळई उघडी पडलीय, पोटमाळ्यावर किती वजन रचलंय, सगळं लिहून काढा आणि अहवाल एमएमआरडीएच्या टेबलावर ठेवा. पथनाट्यापेक्षा खर्च कमी. अडचण एकच. अहवाल गाळामालकाला झोंबणार, आणि शिबिराचे टी-शर्ट नि नाश्ता त्याच्याकडूनच यायचा असतो.