काणे यांचा आकडा पाच

महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा एच-इंडेक्स मी एका रिकाम्या दुपारी काढला. तो पाच आला.

त्याचं असं आहे. ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1930 ते 1962 या काळात पाच खंडांत काढला. पानं साडेसहा हजारांच्या वर. आता एच-इंडेक्सचा नियम: तुमच्या दहा लेखांचा प्रत्येकी किमान दहा ठिकाणी संदर्भ दिला गेला असेल तर तुमचा आकडा दहा. वीस लेखांचा वीस-वीस ठिकाणी, तर वीस. काण्यांच्या खंडांना जगभरच्या संदर्भसूच्यांत कितीही जागा मिळो, खंडच पाच म्हटल्यावर आकडा पाचाच्या वर सरकत नाही. सगळा मिळून एकच ग्रंथ धरला, तर एक. काही खंडांचे दोन-दोन भाग आहेत. ते सुटे धरून दोन-तीन गुण पदरात पाडून घेता येतील, पण त्यासाठी अर्ज करावा लागेल. काण्यांनी इतरही लिहिलं आहे. ते मी हिशेबात धरलं नाही, कारण 1963 साली त्यांना भारतरत्न दिलं गेलं ते मुख्यतः या कामासाठी.

आजचा एखादा विभागप्रमुख त्यांना भेटता तर कळवळून म्हणाला असता, “सर, खंड कशाला काढलेत? श्राद्धावर एक पेपर, दत्तकावर एक, तीर्थांवर दोन, प्रायश्चित्तांवर चार. एवढ्या ऐवजात सहाशे पेपर सहज बसले असते. आणि प्रत्येकात मागच्यांचा संदर्भ!”

एच-इंडेक्सची ही युक्ती काढली होर्हे हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने, 2005 साली. हर्श सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक. त्यांचा मूळ विषय अतिवाहकता, आणि त्या विषयातला सर्वमान्य सिद्धान्त चुकीचा आहे असं ते वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. त्याकडे फारसं कुणी कान दिला नाही. मग त्यांनी विद्वानांना मोजायचं कसं यावर एक छोटा लेख लिहिला, आणि तो असा गाजला की त्यांचं सगळं भौतिकशास्त्र त्याच्यामागे झाकून गेलं. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञाला नोकरीत कायम व्हायला साधारण 12 आणि पूर्ण प्राध्यापक व्हायला 18 असा अंदाजही त्यांनी त्यात देऊन ठेवला होता. अंदाज द्यायला नको होता. विद्यापीठाच्या कचेरीत अंदाज शिरला की बाहेर येताना त्याचा नियम झालेला असतो. पुढे 2020 मध्ये हर्श यांनी स्वतःच लिहिलं की या आकड्याचे वाईट परिणाम होऊ शकतात. प्रवाहाविरुद्ध बोलणाऱ्याला तो मागे ढकलतो. हे वाचून मला हर्श यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली.

संदर्भ मोजण्याची कल्पना मुळात त्यांची नव्हे. ती रुजवली फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफिल्ड यांनी. विज्ञानातल्या संदर्भांची त्यांची पहिली मोठी सूची 1964 साली निघाली. आणि गारफिल्डना ती सुचली वकिलांकडून! अमेरिकेत 1873 पासून वकिलांसाठी एक सूची निघत असे: अमुक निकालाचा दाखला पुढे कोणत्या खटल्यांत दिला गेला, आणि तो निकाल अजून उभा आहे की वरच्या कोर्टाने आडवा केला. वकिलाला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. उलटलेल्या निकालाचा दाखला देऊन न्यायाधीशासमोर उभं राहण्याइतकी नामुष्की नाही. काणे स्वतः मुंबई हायकोर्टातले वकील. त्यांना हे सांगावं लागलं नसतं. पण वकिलांची वही प्राध्यापकांच्या घरी येता येता तिच्यातला नेमका हा रकाना गळाला. ‘यांनी मोलाची भर घातली’ हा एक संदर्भ, आणि ‘यांनी केलेला घोळ निस्तरायला आम्हाला तीन वर्षं लागली’ हाही एकच संदर्भ.

आपल्या जुन्या संस्कृत टीकाकारांची पद्धत आठवते. ते प्रतिपक्षाचं मत आधी ऐसपैस मांडतात आणि मग ते खोडायला बसतात. प्रतिपक्षाचं नाव घेतीलच असं नाही. ‘केचित्’ म्हणजे ‘कुणी म्हणतात’, एवढ्यावर भागवतात. ज्यांना खोडण्यात पिढ्यान् पिढ्यांची शाई गेली, त्या निनावी पंडितांचा एच-इंडेक्स शून्य. उलट, केचित् हे कुणा विद्वानाचं नाव आहे अशी संगणकाची समजूत झाली, तर त्या केचितशास्त्रींचा आकडा कुणालाच गाठता येणार नाही.

आमच्याकडे विद्वानांचं असं मोजमाप घरोघरी पोचलं ते 2010 नंतर, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘एपीआय’ गुणांच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीसाठी मोजल्या जाणाऱ्या गुणांच्या, रूपाने. तोवर स्टाफरूममध्ये संशोधनाबद्दल बोलताना ‘सध्या काय वाचताय?’ असं विचारायची रीत होती. पुढे नियतकालिकाच्या नोंदणी क्रमांकाबद्दल ‘आयएसएसएन आहे का?’ असं विचारू लागले. स्थाननिश्चितीच्या फाइली जाड झाल्या. राष्ट्रीय चर्चासत्रं भरू लागली, त्यांचे विशेषांक दुपारच्या जेवणाआधीच छापून तयार असत. पैसे भरा आणि आठवड्यात आंतरराष्ट्रीय व्हा, असे ईमेल येऊ लागले. ग्रामदैवतांच्या मागे गावोगाव हिंडणाऱ्या माझ्या एका मित्राच्या हस्तलिखिताला समितीने शून्य गुण दिले आणि तासाभरात उरकलेल्या त्याच्या पाच पानी लेखाला पूर्ण. मित्र हसला, पण त्यानंतर त्याचं हिंडणं कमी झालं. 2018 च्या मे महिन्यात आयोगाने आपल्याच मान्य यादीतून 4,305 नियतकालिकं वगळली. त्या दिवशी राज्यात किती फाइली एकदम बारीक झाल्या असतील!

संदर्भांची देवघेव कशी चालते हे लग्नघरात आहेराची वही पाहिलेल्या कुणालाही समजावून सांगायला नको. त्यांनी आपल्या मुंजीत काय दिलं होतं ते पाहायचं, त्यात थोडी भर घालायची आणि पाकिटावर नाव ठळक लिहायचं. लेखाच्या शेवटी संदर्भसूची असते तीत पुष्कळदा हेच चाललेलं असतं. मार्गदर्शकांचा मान, परीक्षक असण्याची शक्यता असलेल्यांचा मान, मग शेजारच्या विभागाची परतफेड. आणि आपणच आपल्याला केलेला आहेर तर सर्रास असतो.

या वहीत मांजरांचीही नावं चढली आहेत. मिशिगनमधल्या जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाने 1975 साली एक लेख एकट्याने लिहिला, पण सगळीकडे ‘आम्ही’ असं टंकून बसला. एकट्या लेखकाने ‘आम्ही’ लिहिलेलं संपादकांना चालणार नाही असं कळलं. तेव्हा लेख संगणकावर लिहीत नसत, सगळा लेख पुन्हा टंकायचा कंटाळा. म्हणून त्याने आपल्या चेस्टर या सयामी मांजराला सहलेखक केलं, ‘एफ. डी. सी. विलर्ड’ या भारदस्त नावाने. लेख प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आला. पुढे 1980 मध्ये विलर्डसाहेबांच्या एकट्याच्या नावावर एक लेख फ्रेंचमध्येही आला. अलीकडे, 2024 मध्ये, लॅरी नावाच्या दुसऱ्या एका अमेरिकन मांजराच्या नावावर निरर्थक लेख रचून आणि त्यांना तितकेच निरर्थक संदर्भ पुरवून काही संशोधकांनी त्याला विलर्डच्याही पुढे नेऊन ठेवलं. पैसे मोजून संदर्भ विकत मिळतात हे दाखवण्यासाठी तो खटाटोप होता. विलर्डचं मला कौतुक वाटतं, लॅरीचं नाही. एकाच्या मागे आळस होता, दुसऱ्याच्या मागे बाजार आहे.

काण्यांनंतर मी दामोदर धर्मानंद कोसंबींच्या आकड्याकडे वळलो, आणि गणित हाताबाहेर गेलं.

कोसंबी गोव्यातले, जन्म 1907 चा. शिक्षण हार्वर्डला, बनारस आणि अलीगढ करून ते पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. राहायला पुण्यातच, जाणं-येणं डेक्कन क्वीनने. पेशाने गणिती. पण जुन्या आहत नाण्यांचा कालक्रम लावायचा म्हणून त्यांनी हजारो नाणी एकेक करून अचूक काट्यावर तोलली. नाणं जितक्या हातांतून फिरतं तितकं झिजतं, हलकं होतं, तेव्हा झिजेवरून त्याचं वय काढता येईल, असा तो विचार. झीज किती होते ते पडताळायला त्यांनी बाजारात चालणारी नाणीसुद्धा तोलली. संदर्भाचं बरोबर उलटं होतं: जितक्या हातांतून जाईल तितका तो जड होत जातो, मग त्यात मुळात चांदी किती होती ते कुणी पाहत नाही.

याच माणसाने 1944 साली गुणसूत्रावर जनुकांमधली अंतरं काढायचं एक सूत्र दिलं. आज भाताच्या किंवा गव्हाच्या वाणांवर काम करणारी मुलगी संगणकावर ‘हाल्डेन’ की ‘कोसंबी’ असा पर्याय निवडते. पुष्कळदा ती ‘कोसंबी’वर टिचकी मारते आणि पुढे जाते. मूळ लेख तिने पाहिलेला असेलच असं नाही, सूचीत नोंदवलेला असेलच असंही नाही. नाव इतकं मुरलं की मोजता येईनासं झालं. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढणारे कोसंबी तेच, 1956 मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची घडी बदलणारं पुस्तक लिहिणारेही तेच. संस्कृतवाल्यांचा, इतिहासवाल्यांचा आणि जनुकवाल्यांचा कोसंबी यांची गाठ कुठल्याही सूचीत पडत नाही. भरीला त्यांनी गणितातल्या एका अतिकठीण प्रश्नाची सिद्धता कृषी-सांख्यिकीच्या नियतकालिकात छापली. ती टिकली नाही, पण तिच्या शोधात निघालेल्या गणितज्ञाला पेरण्या आणि खतं ओलांडून जावं लागलं असणार.

आणि त्यांचा सर्वांत मोठा संदर्भ तर खोटाच होता. अलीगढला असताना, 1931 च्या सुमारास, सहकारी आंद्रे वेल यांच्या चिथावणीने त्यांनी एक गणिती टिपण छापलं आणि त्यातल्या प्रमेयाचं श्रेय बूर्बाकी नावाच्या एका रशियन गणितज्ञाला देऊन टाकलं. असा कुणी गणितज्ञ नव्हता. काही वर्षांनी वेल आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी हेच नाव घेऊन गणिताची ग्रंथमाला लिहायला घेतली, आणि अस्तित्वात नसलेले बूर्बाकी विसाव्या शतकातले एक थोर लेखक ठरले. अमेरिकेतल्या गणितज्ञांच्या संस्थेकडे त्यांनी सभासदत्वासाठी रीतसर अर्जही केला होता. संस्थेने चौकशी करून तो नाकारला. संदर्भसूच्यांनी अशी चौकशी कधी केली नाही. तिथे बूर्बाकींची खाती व्यवस्थित चालू आहेत.