हुबेहूब, पण जरा…

कोल्हापुरात पैलवान आणि चित्रकार यांची वाण कधी पडली नाही. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, रवींद्र मेस्त्री यांचं कौतुक करून झालं. पण ज्याच्या जिवावर स्टुडिओचं भाडं निघतं, तो घरादाराचं तैलचित्र करून घेणारा गृहस्थ उपेक्षितच राहिला. वास्तविक रंगवावा असा तोच.

वास्तुशांतीची तारीख ठरली की तो उगवतो. हॉलची भिंत मोजलेली असते, सोफ्याचा रंग मोबाइलमध्ये असतो. "फोटो काय, कुणीबी काढतंय. माणसाचा स्वभाव उतरला पाहिजे!" नवखा चित्रकार हे ऐकून हरखतो. मुरलेला आधी भाव सांगतो: डोईमागे इतके, हात दिसले तर वेगळे.

मग स्वभावांची यादी येते. कैलासवासी वडील करारी हवेत, पण डोळ्यांत माया. त्यांचा फोटो एकच, पासबुकावरचा, कपाळावर बँकेचा शिक्का मारलेला. "तेवढा शिक्का काढा आणि फेटा बांधा." वडिलांनी हयात गांधी टोपीत काढली, ही गोष्ट वेगळी. बायको लग्नातल्यासारखी हवी आणि मुलं आजची. त्यात आई मुलीपेक्षा धाकटी दिसायला लागते, ते चित्रकारानं निस्तरायचं. धाकट्या भावाला मात्र जरा मागं उभं करायचं. "वाटणीचं चाललंय."

"आणि हिच्या तोंडावर उजेड पाडा, रविवर्म्याच्या त्या दिवेवालीगत." ते चित्र रविवर्म्याचं नाही, सावंतवाडीच्या हळदणकरांचं, दिवा धरून त्यांची मुलगीच उभी राहिली होती, आणि ते जलरंगात आहे, हे चित्रकार प्रत्येकाला सांगतो. "असू दे की. आपण ऑइलमध्ये करू."

खरी मौज बैठकीला. गृहस्थ पोट आत घेऊन, श्वास धरून बसतो. हा चेहरा त्याचा नव्हेच, कुणाचाच नव्हे. तेवढ्यात सिमेंटवाल्याचा फोन येतो. पोट सुटतं, भुवई चढते, ओठ एका बाजूला ओढला जातो. चित्रकार तेवढ्यात बर्न्ट अंबरमध्ये चार फटकारे मारून माणूस पकडतो. अख्ख्या कामात कला म्हणावी ती एवढीच.

चित्र पाहायला घरची मंडळी येतात. "अगदी हुबेहूब!" बायको, मुलं, आई एका सुरात म्हणतात. गृहस्थाला त्यातला एकमुखीपणा खटकतो. "हुबेहूब आहे, पण जरा… हसरा करा." भुवई उतरते, ओठ सरळ होतो, पोट आत जातं. मालक प्रसन्न. "आता उतरला बघा स्वभाव!"

मग हिशेब. आईचे हात पदराखाली गेलेत, त्यांचे पैसे वजा. चित्रकार ते मान्य करतो. गृहस्थ कॅनव्हासच्या कोपऱ्यावर बोट ठेवतो.

"हा धाकटा निम्माच दिसतोय. त्याचं निम्मंच लावा."